नायट्रिक ऑक्साइड वाढवा, पण कुठे?

सकाळी उपाशीपोटी बिटाचा रस. जेवणात पालक. संध्याकाळी जिममध्ये पाण्यात ढवळलेली लाल पावडर. रात्री झोपताना भ्रामरी, म्हणजे कान बंद करून भुंग्यासारखी गुणगुण. या चारही गोष्टींचं कारण रीलवाला एकच सांगतो: नायट्रिक ऑक्साइड वाढतो. त्यानं रक्तदाब उतरतो, स्टॅमिना चढतो, मेंदू तरतरीत होतो. आणि हल्ली या यादीला एक शेपूट जोडलं गेलंय: 'गट हील होतं'. आतड्याची सूज जाते म्हणे.

माझं भांडण या शेपटाशी आहे. बाकीच्या यादीत कमी-जास्त तथ्य आहे, ते ज्याचं त्यानं बघावं. पण ज्यांच्या आतड्याला खरोखरच सूज आहे, ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स आहे, त्यांना 'नायट्रिक ऑक्साइड वाढवा' हे सांगणं म्हणजे पूर आलेल्या वाडीत जाऊन पाणी भरपूर प्या असं सांगणं. अल्सरेटिव्ह कोलायटिस पेटलेला असतो तेव्हा मोठ्या आतड्यात हा वायू निरोगी माणसाच्या कितीतरी पट साठलेला असतो. हे कळून तीस वर्षं होऊन गेली.

मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. निदान चोविसाव्या वर्षी झालं, त्याला आता चार वर्षं झाली. दिवसा हिंजवडीत कोड लिहितो, आणि फेज थ्रीपासून वाकडच्या पुलापर्यंत कुठे संडास आहे आणि तो किती वाजता कुलूपबंद होतो याचा नकाशा मला पाठ आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी काय गोळी घ्यावी याबद्दल इथे काहीही नाही. शोधनिबंध उघडून वाचण्याचा आळस न केलेल्या एका पेशंटचा हा वैताग आहे.

आधी या वायूची ओळख करून घेऊ, कारण नावापासूनच घोळ आहे. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, झाला नायट्रिक ऑक्साइड. दातांच्या डॉक्टरकडचा हसवणारा वायू तो नायट्रस ऑक्साइड, हा त्याचा चुलतभाऊ. हा गाड्यांच्या धुरातूनही निघतो. तेव्हा नुसता 'वाढवणं' एवढाच हेतू असेल तर संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावर उभं राहणं सगळ्यात स्वस्त पडेल. १९८० च्या दशकापर्यंत त्याची ओळख मुख्यतः हवा बिघडवणारा अशीच होती. मग कळलं की रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर हाच वायू अगदी किंचित प्रमाणात तयार करतं आणि त्यामुळे वाहिनीचा स्नायू सैलावतो. घरात आजोबांना हृदयाचा त्रास असेल तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट तुम्हाला माहीत असेल. ती गोळी शरीरात शेवटी हाच वायू सोडते. १९९२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकानं त्याला वर्षाचा रेणू ठरवलं. १९९८ मध्ये रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

नोबेल मिळाल्यावर रेणूला चारित्र्याचा दाखलाच मिळाला. इग्नारो यांनी पुढे हर्बालाइफ कंपनीसोबत नाइटवर्क्स नावाची पावडर घडवायला हात लावला. तिच्यात आर्जिनिन असतं, आणि आर्जिनिन हे असं अमिनो आम्ल की ज्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. डब्याच्या मागे नोबेलवाला उभा असल्यावर पुढचं काम सेल्समनला कितीसं उरतं? पण नोबेल देताना समितीनं जे कारण दिलं त्यात जागेचा स्पष्ट उल्लेख होता: हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या संस्थेत संदेश पोचवणारा रेणू. समितीनं जागा सांगितली होती. रीलमध्ये यायच्या आत ती गळाली.

आता गंमत बघा. रीलच्या खाली 'रिसर्च सांगतो' म्हणून जे काही असतं, त्याचा माग काढत गेलं की बहुतेक वाटा एकाच दाराशी येतात. ते दार म्हणजे स्टॉकहोमची कारोलिन्स्का संस्था, आणि आतला माणूस म्हणजे यॉन लुंडबर्ग. गुणगुणल्यावर नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट वाढतो, हे २००२ मध्ये एडी वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी दाखवलं. भ्रामरीच्या प्रत्येक पोस्टचं मूळ ते. पालेभाज्यांतलं नायट्रेट तोंडातल्या जिवाणूंमुळे नायट्राइट होतं आणि जठरातल्या आम्लात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो, हे उलगडणाऱ्यांतही लुंडबर्ग. बिटाच्या रसाचं सगळं शास्त्र त्या वाटेनं येतं. त्याच कामात असंही दिसलं की आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल दिली की जठरातला हा वायू जवळजवळ बंद होतो. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी आणि बिटाचा रस एकाच उपाशीपोटी घेणारे किती आहेत हे मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत रोज बघतो.

याच लुंडबर्गांचा १९९४ चा 'लॅन्सेट'मधला एक छोटा निबंध आहे. तो कुठल्याही रीलमध्ये येत नाही. कोलोनोस्कोपी चालू असताना रुग्णांच्या मोठ्या आतड्यातली हवा ओढून घेतली आणि तिच्यातला नायट्रिक ऑक्साइड मोजला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत तो निरोगी आतड्याच्या शंभरपटीहून जास्त निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधून दोन निबंध आले होते. आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासून त्यांनी दाखवलं होतं की कोलायटिसमध्ये हा वायू बनवणारं यंत्र जोरात चालू असतं. त्यातल्या एका निबंधावर साल्वादोर मोंकाडा यांचं नाव आहे. १९९८ च्या नोबेलमधून ज्यांना वगळलं म्हणून तेव्हा बराच गदारोळ झाला, तेच मोंकाडा. म्हणजे नाकाबद्दल, बिटाबद्दल, रक्तवाहिन्यांबद्दल ज्या लोकांचा हवाला दिला जातो, त्याच लोकांनी आतड्याबद्दलही सांगून ठेवलंय. सोयीचं घ्यायचं आणि गैरसोयीचं खाली टाकायचं, याला रिसर्च वाचणं म्हणत नाहीत.

हे शंभरपट येतं कुठून? शरीरात हा वायू बनवणारी तीन एन्झाइम्स आहेत. एक मज्जातंतूंत. आतड्याचा स्नायू पुढे सरकताना एका बाजूनं आवळतो आणि पुढच्या बाजूनं सैलावतो, त्या सैलावण्यामागे ते असतं. दुसरं रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. ही दोन्ही थेंबथेंब काम करतात: सेकंदांचा हिशोब, सुईच्या टोकाएवढी मात्रा. तिसऱ्याला आयनॉस म्हणतात. ते एरवी जवळपास नसतंच. सूज पेटली, टीएनएफसारखे दाहाचे संदेश फिरू लागले की पेशी ते नव्यानं तयार करतात, आणि मग ते तासन्तास, दिवसेंदिवस वायू ओतत राहतं. कोलायटिसच्या आतड्यात हे आयनॉस थेट अस्तराच्या पेशींत सापडतं. सुजलेल्या जागी सुपरऑक्साइड नावाचा दुसरा एक उपद्रवी रेणूही भरपूर असतो. दोघांची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि ते दिसेल त्या प्रथिनाला, डीएनएला डागण्या देत सुटतं. रुग्णांच्या अस्तरात या डागण्यांच्या खुणाही सापडल्या आहेत.

आणखी एक प्रकार आहे, त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. कोलायटिसच्या पेशंटला रात्री झोप येऊ नये असं वाटत असेल तर हा शब्द गुगल करावा. आतडं फुग्यासारखं फुगतं, आवळायचं विसरतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जीव जातो. १९९५ मध्ये अशा रुग्णांच्या आतड्याच्या स्नायूत हेच आयनॉस सापडलं. जो वायू रक्तवाहिनीचा स्नायू सैल करतो म्हणून आजोबांची छाती मोकळी होते, तोच इथे आतड्याचा स्नायू लुळा पाडण्यात सामील असतो. गुदद्वाराला चीर पडलेल्या माणसाला डॉक्टर नायट्रोग्लिसरिनचं मलम देतात, तिथे पुन्हा हाच वायू, पुन्हा हेच सैल करणं, आणि तिथे ते हवं असतं. तिन्हीकडे रेणू एकच आहे. वेत आणि वीत बदलली तर परिणाम उलटा.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ आहे, नायट्रिक ऑक्साइड हा खलनायक, तो कमी करू. थांबा. मला याच घाईचा राग आहे, ती कुठल्याही दिशेनं असो.

आयनॉसच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले आणि त्यांना रसायनं देऊन कोलायटिस केला गेला. एका प्रयोगात त्यांची आतडी कमी बिघडली, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात काहीच फरक पडला नाही. कुठलं रसायन वापरलं, कितव्या दिवशी बघितलं, यावर उत्तर बदलत गेलं. रक्तवाहिन्यांमधलं एन्झाइम काढून टाकलं तर मात्र कोलायटिस वाढला, म्हणजे तिथला थेंबभर वायू आतड्याची राखण करत होता. आर्जिनिन पाजलेल्या उंदरांचा कोलायटिस सुधारला असाही प्रयोग आहे, आणि पावडरवाले तो एवढा एकच उचलतात. स्वीडनमध्येच पेटलेल्या आजाराच्या रुग्णांच्या गुदाशयातला वायू मोजला गेला तेव्हा तर उलटंच दिसलं. आजार जोरात असूनही ज्यांचा नायट्रिक ऑक्साइड फारसा वाढलेला नव्हता, त्यांनाच स्टिरॉइडचा गुण कमी येत होता. तिथे जास्त वायू म्हणजे अस्तर अजून लढतंय अशी खूण असावी.

आणि आपल्या देशात तर आणखी एक पदर आहे. क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग हे दोघं इतके सारखे दिसतात की भारतातल्या डॉक्टरांचा अर्धा जीव त्यांना वेगळं करण्यात जातो. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर क्षय उसळतो. क्रोन्सला क्षय समजलं तर पेशंट कित्येक महिने चुकीच्या गोळ्या खातो. अशा जागी हे लक्षात ठेवा: आयनॉस नसलेल्या उंदरांना क्षयाचा जंतू दिला की ते लवकर मरतात. पेशी या वायूनं जंतूंना मारतात. ते त्यांचं हत्यार आहे. जिथे क्षय घरोघरी माहीत आहे त्या देशात कुणी उठून 'नायट्रिक ऑक्साइड कमी करणारा डिटॉक्स' विकायला लागला (लागेलच, बघत राहा), तर तोही तेवढाच बेजबाबदार.

आमच्या धंद्यातलं बोलायचं तर, प्रॉडक्शनवर लॉगची फाइल फुगून डिस्क भरते तेव्हा नवखा पोरगा काय करतो? लॉग उडवतो. सर्व्हर कशानं आजारी पडला ते बघत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे 'सीपीयू ९० टक्के' एवढाच अलर्ट येणं, मशीनचं नाव नाही, वेळ नाही, सर्व्हिस नाही. असा अलर्ट लावणाऱ्याला आम्ही रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. तोच माणूस संध्याकाळी 'नायट्रिक ऑक्साइड वाढवा' हे वाक्य फॉरवर्ड करतो. कुठल्या पेशीत, कुठल्या एन्झाइमनं, किती, किती वेळ, यातलं एकही लेबल त्यावर नसतं. रक्तात हा वायू काही क्षणच टिकतो, हिमोग्लोबिन त्याला तिथल्या तिथे गिळतं. नाकात गुणगुणून वाढवलेला वायू मोठ्या आतड्यापर्यंत चालत जात नाही. भ्रामरीनं मन शांत होत असेल तर अवश्य करा, मीही करतो. पण तिचा पत्ता नाक आहे.

ऑफिसातल्या 'वेलनेस वीक'मध्ये एका वक्त्यानं हेच सगळं स्लाइड लावून सांगितलं. दोनशे इंजिनिअर बसले होते. ज्यांना लोड बॅलन्सरचा एक आकडा चुकीचा दिसला तर झोप येत नाही, त्यातल्या एकानंही विचारलं नाही की हे मोजलं कुणी आणि कशात. प्रश्न आला तो पावडरच्या डिस्काउंट कोडबद्दल. आपल्याला बी.ई.ला चार वर्षं शंका घ्यायला शिकवलं, ती शंका फक्त दुसऱ्याच्या कोडवर घ्यायची असते असा आपला समज झालेला दिसतो.

हा आजार कुणाला असतो तरी किती, असं वाटत असेल तर थोडा हिशोब करू. पंजाबात घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेत ४८ लाखांच्या पुढे होते. तोच दर इथे धरला तर दोन हजारांहून जास्त माणसं होतात, आणि यात क्रोन्स नाही, आणि २०११ नंतर वाढलेलं शहरही नाही. हा आजार बऱ्याचदा ऐन विशी-तिशीत सुरू होतो, म्हणजे नेमका रील बघणाऱ्यांच्या वयात. आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. शौचात रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला अंदाज मूळव्याध. त्यातून पुण्यातल्या भिंती आणि रिक्षांच्या पाठी 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' अशा जाहिरातींनी रंगलेल्या. भगंदरामागे क्रोन्स असू शकतो, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. कित्येकांचं एखादं वर्ष त्या भिंतीपाशीच जातं.

निदान झाल्यावरही लढाई संपत नाही. आजार शांत झाला, सहा महिने बरे गेले, की घरचे म्हणतात, 'किती दिवस गोळ्या खाणार? काहीतरी नॅचरल बघ.' इथे रील दार ठोठावतं. आमच्या पेशंट लोकांच्या एका ग्रुपवर तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. वाकडला पीजीत राहायचा, पहिली नोकरी. त्यानं मेसालामाइन बंद केलं आणि रोज सकाळी बिटाचा रस व संध्याकाळी आर्जिनिनची पावडर सुरू केली. पहिले पाच आठवडे मस्त वाटत होतं, असं तो आवर्जून लिहायचा. वाटणारच. आजार शांत असताना तुम्ही बुंदीचे लाडू खाल्ले तरी पाच आठवडे मस्तच वाटतं. त्यानंतर रक्त सुरू झालं, आणि ते त्याच्या लक्षातच आलं नाही, कारण बिटानं शौच तसंही लाल होतं. आम्ही लोक रोज सकाळी खाली वाकून बघतो. किळसवाणं वाटेल, पण तो आमचा मॉनिटरिंग डॅशबोर्ड आहे, आणि त्यानं स्वतःच्या हातानं त्यावर लाल रंग ओतला होता. ॲडमिट झाला तेव्हा हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं होतं. आता ठीक आहे, पण स्टिरॉइडचा तो महिना, सुजलेला चेहरा आणि प्रोबेशनमध्ये बुडालेली रजा त्याला कुठली पावडर भरून देणार?

बीट विष आहे असं मी म्हणत नाही. भाजीतलं नायट्रेट बहुतेक वरच्या आतड्यातच शोषलं जातं. कोशिंबीर खा, मजेत खा. माझा आक्षेप, ती कोशिंबीर औषधाच्या जागी नेऊन बसवण्याला आहे. मेसालामाइननं शांत झालेल्या ९९ रुग्णांवर नजर ठेवणारा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये आला. गोळ्या नीट न घेणाऱ्यांत आजार उलटण्याची शक्यता नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक होती. पाचपट. भ्रामरीच्या १५ पटीचं रील होतं, या पाचपटीचं कधी होत नाही.

हळदीची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. २०१५ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनची कोलायटिसवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण पन्नासच होते, पण निकाल खरोखर चांगला होता: कर्क्युमिन घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा आजार महिनाभरात शांत झाला, नकली गोळी घेणाऱ्यांत एकाचाही नाही. 'आजीच्या बटव्यापुढे फार्मा फेल' या मथळ्याखाली तो फिरला. त्या चाचणीतला प्रत्येक माणूस मेसालामाइन घेत होता. कर्क्युमिन त्याच्या सोबत दिलं होतं. 'सोबत' हा तीन अक्षरी शब्द रीलमध्ये मावला नाही. आणि त्यावर कडी म्हणजे, पेशींवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन आयनॉसला दाबतं. म्हणजे जो इन्फ्लुएन्सर एकाच कार्टमध्ये 'गट हीलिंग'साठी हळदीच्या कॅप्सूल आणि नायट्रिक ऑक्साइड बूस्टर विकतो, तो एका हातानं नळ बंद करतो आणि दुसऱ्या हातानं टाकी भरतो. कमिशन मात्र दोन्हीचं घेतो. त्याच डब्याच्या पाठीवर कायद्यानं बारीक अक्षरांत छापावं लागतं की हे औषधी वापरासाठी नाही. २०१६ च्या एफएसएसएआयच्या नियमांनी ते बंधनकारक केलंय. डबा खरं बोलतो. खोटं बोलतो तो डबा हातात धरणारा.

यावरचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे: तू फार्मा कंपन्यांची तळी उचलतोस. बरं, बघू. आयनॉस अडवणारी औषधं कंपन्यांनी बनवली होती. दमा, अर्धशिशी, सांध्यांची झीज यांसाठी माणसांवर तपासली. हाती फारसं काही लागलं नाही, आणि आतड्याच्या सुजेसाठी असं एकही औषध आज दुकानात नाही. ज्यात अब्जावधींचा धंदा होता ते कंपन्यांना विकता आलं नाही, कारण माणसांवर काम करतं हे सिद्ध करून दाखवावं लागतं. पावडरवाल्याला ही अट नाही. कुणाची लॉबी कुणाला सोपी जाते ते तुम्हीच ठरवा.

आणि जी औषधं चालतात ती कुठल्या कटातून आलेली नाहीत. सल्फासॅलाझिन हे मेसालामाइनचं पूर्वज. नाना श्वार्ट्झ नावाच्या स्वीडिश डॉक्टरबाईंनी ते सांधेदुखीसाठी करून घेतलं होतं आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा कोलायटिसवरचा गुण जगापुढे ठेवला. त्याही कारोलिन्स्काच्याच, तिथल्या पहिल्या महिला प्राध्यापक. आज ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आणि जिमच्या एका लाल डब्याच्या पैशात त्याचा महिना सहज निघतो. स्टिरॉइड्स आयनॉसची निर्मितीच रोखतात, हे १९९० मध्येच दिसलं होतं. टीएनएफ अडवणारं अडालिमुमॅब महाग होतं. त्याची जगातली पहिली नक्कल झायडसनं डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आणली. ते सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. का, ते वर आलंच आहे: टीएनएफ अडवला की जंतूंशी लढायची हत्यारंही बोथट होतात. या औषधांत धोके आहेत, साइड इफेक्ट आहेत, आणि ती पाकिटातल्या कागदावर लिहिलेली असतात. पावडरच्या रीलमध्ये असा कागद कधी पाहिलाय?

नायट्रिक ऑक्साइडचा आम्हा पेशंटना आज प्रत्यक्ष उपयोग काय, तर जवळपास काही नाही. गुदाशयातला वायू मोजून आजार ओळखायची कल्पना चांगली होती, पण दवाखान्यात आली नाही. आली ती कॅलप्रोटेक्टिनची चाचणी: शौचाचा नमुना डबीत द्यायचा, सुजेत गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशींचं एक प्रथिन त्यात मोजतात, आणि आकडा चढला तर आजार वर येतोय हे लक्षणांच्या आधी कळू शकतं. कोलोनोस्कोपीची एक खेप वाचू शकते. तिचा खर्च मात्र माझ्या ऑफिसच्या विम्यात बसत नाही, कारण त्यासाठी ॲडमिट व्हावं लागत नाही. तेव्हा वेलनेस वीकचं बजेट कुणाला खर्चायचंच असेल तर ही चाचणी विम्यात घाला. आणि उरलेल्या पैशांत फेज थ्रीच्या बसथांब्यापाशी एक संडास बांधा, रात्री दहानंतरही उघडा राहील असा.